ब्रिटिश स्पीडवेतील गुणमर्यादा

गुणमर्यादा हा ब्रिटनमधील स्पीडवे या सांघिक मोटारसायकल शर्यतींच्या लीगमध्ये संघबांधणीसाठी वापरला जाणारा नियम आहे. या नियमानुसार हंगामाच्या आरंभी संघात घेतलेल्या स्वारांच्या सरासरींची बेरीज ठरवून दिलेल्या आकड्यापेक्षा अधिक असता कामा नये. अनेक खेळांत संघाने खेळाडूंवर किती पैसा खर्च करावा यावर मर्यादा असते. इंडियन प्रीमियर लीगमधील लिलावाची रक्कम हे त्याचे परिचित उदाहरण आहे. स्पीडवेमध्ये मात्र मर्यादा पैशावर नसून स्वारांच्या सिद्ध झालेल्या कौशल्यावर आहे. लढती समतोल राहाव्यात हा या नियमाचा हेतू असून, प्रगती करणाऱ्या स्वाराला व यशस्वी संघाला त्याची किंमत मोजावी लागते, हा त्यावरील मुख्य आक्षेप आहे.

खेळाचे स्वरूप

स्पीडवेची शर्यत लंबवर्तुळाकार मातीच्या धावमार्गावर होते. एका शर्यतीत चार स्वार घड्याळाच्या उलट दिशेने चार फेऱ्या मारतात. ५०० सीसी क्षमतेच्या या मोटारसायकलीला ब्रेक नसतात, गिअर एकच असतो आणि इंधन म्हणून मिथेनॉल वापरतात. वळणावर मागचे चाक बाहेरच्या बाजूस घसरू देऊन गाडी वळवली जाते.

सांघिक सामन्यात प्रत्येक शर्यतीत दोन्ही संघांचे दोन-दोन स्वार उतरतात. क्रमानुसार ३, २, १ व ० असे गुण मिळतात. ब्रिटनमध्ये सात स्वारांचा संघ आणि पंधरा शर्यतींचा सामना ही रचना दीर्घकाळ रूढ आहे. संघातील पाच जण मुख्य स्वार असतात व उरलेले दोन राखीव.

सरासरीची गणना

स्वाराची सरासरी चार शर्यतींचा सामना गृहीत धरून काढतात. त्याने मिळवलेले एकूण गुण चारने गुणून शर्यतींच्या संख्येने भागले जातात. स्वार आपल्याच सहकाऱ्याच्या लगोलग मागे दुसरा किंवा तिसरा आला आणि त्याने प्रतिस्पर्ध्याला मागे टाकले, तर त्याला एक बोनस गुण मिळतो. हा गुण संघाच्या धावसंख्येत धरत नाहीत, पण सरासरीत व मानधनात धरतात. उदाहरणार्थ, २४ शर्यतींत ४८ गुण व ६ बोनस गुण मिळवणाऱ्या स्वाराची सरासरी ५४ गुणिले ४ भागिले २४, म्हणजे ९.०० होते. प्रत्येक शर्यत जिंकणाऱ्याची सरासरी १२.०० असते, त्यामुळे नऊच्या वरची सरासरी अव्वल दर्जाची मानली जाते.

ब्रिटनमध्ये नव्याने येणाऱ्या स्वाराला गृहीत सरासरी देतात, तर खालच्या लीगमधून वर येणाऱ्याची सरासरी ठरावीक गुणकाने रूपांतरित करतात. गृहीत सरासरी खऱ्या कुवतीपेक्षा कमी ठरली तर तो स्वार संघाला फायदेशीर ठरतो. जास्त ठरली तर त्याला संघ मिळणे अवघड जाते.

मर्यादेचे गणित

एका शर्यतीत सहा गुण वाटले जातात, म्हणजे पंधरा शर्यतींत नव्वद. बरोबरीच्या सामन्यात प्रत्येक संघाला ४५ गुण मिळतात. संघाचे स्वार मिळून तीस वेळा धावतात, म्हणून सरासरी स्वाराचा आकडा ६.०० येतो आणि सात जणांची बेरीज ४२.०० होते. बोनस गुण धरल्यास ती किंचित वाढते. त्यामुळे ४२ च्या आसपासची मर्यादा म्हणजे प्रत्येक संघ मध्यम ताकदीचा असावा अशी अपेक्षा असते.

९.००, ७.५०, ६.५०, ६.००, ५.५०, ४.०० आणि ३.५० अशा सरासरींच्या संघाची बेरीज नेमकी ४२.०० होते. हंगामात यांतील तीन तरुण स्वारांनी प्रत्येकी एक गुणाने प्रगती केली व इतरांची सरासरी तशीच राहिली, तर पुढील हंगामासाठी हीच बेरीज ४५.०० होईल. मर्यादा न बदलल्यास संघाला तीन गुणांची घट करावी लागेल, म्हणजे कोणातरी चांगल्या स्वाराला सोडून कमी सरासरीचा स्वार आणावा लागेल. मर्यादा नैसर्गिक मध्यापेक्षा खाली ठेवली, तर केवळ विजेत्यांनाच नव्हे, तर मध्यम संघांनाही स्वार सोडावे लागतात. म्हणूनच दरवर्षी मर्यादेचा आकडा ठरवणे हा क्लबांमधील वादाचा विषय असतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटनमधील स्पीडवेचा आरंभ सामान्यतः १९ फेब्रुवारी १९२८ रोजी लंडनजवळील हाय बीच येथे झालेल्या शर्यतींपासून मानतात. १९२९ मध्ये लीग स्पर्धा सुरू झाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर या खेळाला मोठी गर्दी लोटली, परंतु १९५० च्या दशकात करमणूक कर व घटते प्रेक्षक यांमुळे अनेक धावमार्ग बंद पडले. १९६० मध्ये प्रोव्हिन्शियल लीग स्थापन झाली. १९६५ मध्ये ती नॅशनल लीगमध्ये विलीन होऊन अठरा संघांची ब्रिटिश लीग अस्तित्वात आली. त्या काळी संघ समतोल राखण्यासाठी नियंत्रण समिती स्वारांना एका क्लबातून दुसऱ्या क्लबात पाठवीत असे. समितीच्या निर्णयाची जागा पुढे आकड्याने घेतली.

करार आणि मूळ क्लब

ब्रिटिश पद्धतीत क्लब स्वाराची नोंदणी विकत घेतो. असा स्वार त्या मूळ क्लबची मालमत्ता मानला जातो. गुणमर्यादेत बसत नसल्यास मूळ क्लब त्याला हंगामापुरता दुसऱ्या क्लबाकडे उसना देतो व त्याबद्दल शुल्क घेतो. त्यामुळे स्वार एका क्लबचा असूनही वर्षानुवर्षे इतर क्लबांकडून धावतो, असे चित्र दिसते. काही स्वार एकाच हंगामात दोन वेगवेगळ्या श्रेणींतील संघांकडून धावतात.

दुखापतीमुळे स्वार अनुपस्थित असल्यास ठरावीक अटींवर पाहुणा स्वार बोलावता येतो, किंवा त्याच्या शर्यती सहकाऱ्यांमध्ये वाटता येतात. पाहुणा निवडतानाही सरासरीचाच आधार घेतात.

स्वाराची मिळकत

बहुतेक स्वार स्वयंरोजगारी असतात. गाड्या, इंजिने, सुटे भाग, वाहतूक आणि मेकॅनिक यांचा खर्च ते स्वतः करतात. उत्पन्नाचा मोठा भाग गुणांनुसार मिळतो. करारानुसार प्रवासखर्च वा इतर रक्कमही ठरते. खराब हंगामात गुण घटतात, पण इंजिनाच्या दुरुस्तीचा खर्च घटत नाही. दुखापत झाल्यास उत्पन्न थांबते. दुसरीकडे, सरासरी घसरलेला स्वार पुढील हंगामात संघबांधणीसाठी सोयीचा ठरतो, तर सरासरी वाढलेल्याला जागा मिळेलच असे नसते.

क्लबचा खर्च

क्लबला स्वारांच्या मानधनाशिवाय मैदानाचे भाडे, धावमार्गाची निगा, सुरक्षा कठडे, विमा, डॉक्टर व रुग्णवाहिका यांचा खर्च असतो. तिकीटविक्री हा उत्पन्नाचा प्रमुख मार्ग असल्याने पावसामुळे सामना रद्द झाल्यास मोठा फटका बसतो. गुणमर्यादा या खर्चाला अप्रत्यक्षपणेच आळा घालते: एकूण गुण ठरलेले असले तरी प्रत्येक गुणासाठी किती पैसे द्यायचे, हे आकड्याच्या नियमाने ठरत नाही.

अनेक क्लबांची स्वतःची मैदाने नाहीत. कॉव्हेंट्री संघाला १९२८ पासून वापरात असलेले ब्रँडन येथील मैदान २०१६ च्या हंगामानंतर गमवावे लागले. पीटरबरो व वुल्व्हरहॅम्प्टन येथील शर्यती २०२३ मध्ये थांबल्या. याउलट मँचेस्टरमध्ये २०१६ मध्ये बेल व्ह्यू संघासाठी नॅशनल स्पीडवे स्टेडियम खुले झाले.

समर्थन आणि टीका

समर्थकांच्या मते, मर्यादा नसती तर श्रीमंत क्लबांनी सर्व अव्वल स्वार गोळा केले असते आणि निकाल आधीच ठरलेल्या सामन्यांना प्रेक्षक आले नसते. लहान क्लबांना विजेतेपदाची आशा राहते ती याच नियमामुळे. टीकाकारांच्या मते, प्रेक्षकांना आपलासा वाटू लागलेला संघ दरवर्षी मोडावा लागतो आणि प्रगतीलाच दंड बसतो. तरुण ब्रिटिश स्वारांना संधी मिळावी म्हणून राखीव जागांसाठी वेगळ्या योजना आखल्या गेल्या. २०१४ च्या एलिट लीगमधील राखीव स्वारांची निवडपद्धत ही त्यांपैकी एक होय.

पोलंडमधील पद्धत

पोलंडमध्येही सरासरींच्या बेरजेवर काही हंगाम मर्यादा होती. पुढे ती सोडून देण्यात आली. तेथील एक्स्ट्रालीगात संघरचना मुख्यतः वय व राष्ट्रीयत्वाच्या अटींनी ठरते. २१ वर्षांपर्यंतच्या पोलिश स्वारांसाठी जागा राखून ठेवतात आणि २०२१ पासून २४ वर्षांपर्यंतच्या एका स्वाराचीही अट आहे. करारावर सही करतानाची रक्कम व प्रत्येक गुणाचा दर हे तेथील कराराचे दोन मुख्य घटक असतात. मोबदला अधिक असल्याने जगातील अग्रगण्य स्वार पोलंडला प्राधान्य देतात, आणि ब्रिटिश लीगला आपले वेळापत्रक व संघबांधणीचे नियम ठरवताना ही स्पर्धा लक्षात घ्यावी लागते.