वढ्याची जत्रा आणि तीन काठांच्या नावा



आदिलाबादच्या मराठी घरांच्या आठवणी आपण इथे वाचतो. वाडे झाले, शाळा झाल्या, कापसाचा बाजार झाला. पण ज्या लाकडी नावेत बसून आपल्या कितीतरी आज्या सासरी आल्या, तिच्यावर कोणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. म्हणून हा जरा लांबलेला लेख. चहा घेऊन बसा.

आज आदिलाबादहून पांढरकवड्याला निघालं की डोल्लाऱ्याचा पूल लागतो. पूर्वीचा सात नंबरचा, आताचा 44 नंबरचा हायवे. पैनगंगा कधी आली नि कधी गेली, गाडीत कळतही नाही. पूल नव्हते तेव्हा याच नदीवर वर्षाचं वेळापत्रक ठरायचं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उतारावरून बैलगाडी जायची. पावसाळ्यात पूर असला की नदी बंद, मग सोयरा मेला तरी निरोप पोचायचा नाही. मधले महिने सगळी भिस्त नावेवर.

नाव म्हणजे दोन प्रकार. एक डोंगा, म्हणजे एकाच जाड खोडाला कोरून केलेला. दुसरी फळ्यांची नाव, सपाट बुडाची, कारण आपल्या नद्यांना खडक फार आणि पाणी कमी-जास्त होतं. गाडी न्यायची असली तर दोन डोंगे शेजारी बांधून वर फळ्या टाकायच्या. बैल दाव्याला धरून पोहत न्यायचे. उथळ पाण्यात बांबू रेटायचा, खोल पाण्यात वल्हं. चालवणारे पलीकडे भोई, ढिवर. अलीकडे तेलुगू बोलणारे बेस्त. तेलुगूत नावेला ‘पडव’ म्हणतात आणि आपल्या कोकणात ‘पडाव’. नावाड्याला दोन्ही भाषा यायच्या, कारण गिऱ्हाईक दोन्हीकडचं. गावकऱ्यांकडून त्याला सुगीला धान्य मिळायचं, परक्या माणसाकडून रोख.

रोख म्हटलं की मी बँकवाला जागा होतो. अलीकडे निजामाचा हाली म्हणजे उस्मानिया सिक्का, पलीकडे इंग्रजांचा कलदार. भाव साधारण सात हालीला सहा कलदार. म्हणजे नदी ओलांडली की खिशातल्या पैशाची किंमत बदलायची. वर निजामाच्या करोडगिरीचं नाकं, मालावर जकात. हा सिक्का सांभाळायला 1941 मध्ये हैदराबाद स्टेट बँक काढली, पण घाटावर हिशोब तोंडीच व्हायचा आणि नावाडी त्यात पक्के असायचे. चार वर्षं कॉमर्स शिकून मला जे आलं, ते त्यांना बिनशिकता येत होतं.

आता जत्रेकडे वळतो. पैनगंगा वर्धेला जिथे मिळते तिथे वढा नावाचं गाव आहे, घुग्घुसजवळ. कार्तिक पौर्णिमेला तिथे विठ्ठलाची यात्रा भरते. लोक वढ्याला विदर्भाचं पंढरपूर म्हणतात. संगम म्हटलं की काठ तीन आले. वढ्याचा काठ चांद्याचा, म्हणजे मध्यप्रांतातला. दुसरा वणीचा, वऱ्हाडातला. वऱ्हाड नावाला निजामाचं, पण 1853 पासून कारभार इंग्रजांकडे आणि 1903 मध्ये ते मध्यप्रांताला जोडलं. तिसरा काठ राजुरा तालुक्याचा, आणि राजुरा तेव्हा आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात. तीन काठांवर सरकारी दप्तरं वेगळी, पण विठ्ठल एकच.

आमच्या घरच्या जुन्या माणसांकडून ऐकलंय की जैनथ, बेलाकडचे लोक बैलगाड्या जुंपून, मुक्काम करत जायचे. संगमावर सगळ्यांना शेवटी नावेतच बसावं लागायचं. नावाडीही आपापल्या घाटावरून येऊन तिथे जमायचे. माणसं उतरवायची, परत जायचं, दिवसभर तेच. कोणाची नाव हलकी चालते, कोणाची पाणी धरते, कोणी कुठलं लाकूड वापरलं, राळ-डांबर कसं भरलं, याची चर्चा रात्री शेकोटीपाशी व्हायची. बोटीच्या शौकिनांचं संमेलन म्हणून कोणी ते भरवत नव्हतं. पण भरायचं मात्र तेच.

आणि त्याच शेकोट्यांजवळ मुलं-मुली दाखवली जायची. माझं या लेखात सांगणं एवढंच आहे, की आपली सोयरीक जातीत आणि पत्रिकेत जुळली असेल, पण ती घाटांवरून गेली. माझ्या आत्याचं सासर वणी तालुक्यात, आजीचं माहेर पलीकडे केळापूरच्या बाजूला. 1956 च्या आधीची आमच्या घरातली लग्नं मी एका कागदावर मांडली, तेव्हा बहुतेक गावं कुठल्यातरी नावेच्या घाटापासून एका दिवसाच्या वाटेवर निघाली. नकाशावर नदी दोन मुलखांना तोडणारी रेघ दिसते. आपल्या घरांना मात्र तीच जोडत होती.

या नद्यांवर मोठी स्वप्नंही पाहिली गेली. वर्धा पुढे वैनगंगेला मिळते, तिथून तिचं नाव प्राणहिता. ती जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या पूर्व कडेने जाऊन कालेश्वरला गोदावरीत मिसळते. वऱ्हाडचा कापूस याच वाटेने बोटीतून खाली समुद्रापर्यंत न्यावा, ही सर आर्थर कॉटन यांची कल्पना. मध्ये खडकांचे तीन मोठे अडथळे, त्यातला एक प्राणहितेवर देवलमरीला. ते टाळायला कालवे आणि बांध यांची कामं काढली. पण 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली आणि 1871 मध्ये ही योजना गुंडाळली. सरकारच्या बोटी आल्याच नाहीत. आपले डोंगे मात्र पुढेही तसेच चालत राहिले.

1947-48 सालं आपल्या घरांत अजून दबक्या आवाजात सांगितली जातात. रझाकारांच्या भीतीनं पुष्कळ कुटुंबं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. उमरखेडला मुक्तिसंग्रामाच्या कार्यकर्त्यांचा कॅम्प होता. रात्री, दिवा न लावता, पोराच्या तोंडावर हात ठेवून पार झालेल्या बायकांच्या गोष्टी तुम्हीही ऐकल्या असतील. 17 सप्टेंबर 1948 चा दिवस आपण दरवर्षी आठवतो. त्या नावाड्यांची नावं मात्र कुठल्याच फलकावर नाहीत. पकडले गेले असते तर त्यांचं काय झालं असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

मग आला 1 नोव्हेंबर 1956. भाषावार रचनेत राजुरा आणि किनवटचा भाग तिकडे गेला, आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिलं. हाली सिक्का गेला, करोडगिरी गेली, दोन्हीकडे एकच रुपया झाला. खरं तर नदी ओलांडणं सोपं व्हायला हवं होतं, आणि पुलांमुळे झालंही. पण शाळेची भाषा बदलली, नोकऱ्या हैदराबादकडे, रस्ता नागपूर-हैदराबाद असा उभा. सोयरीकही हायवेवरून जायला लागली. 2014 मध्ये तेलंगणा झालं, 2016 मध्ये जिल्ह्याचे चार तुकडे झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन्ही राज्यांचा करार होऊन चनाका-कोराटा बंधाऱ्याची वाट मोकळी झाली. पाणी येईल, शेती भिजेल, चांगलंच आहे. फक्त जुने घाट आता कोणाच्या कामाचे राहिले नाहीत.

अमेरिकेत ओरेगॉन राज्यात मॅकेंझी नावाची नदी आहे. तिथल्या खडकाळ, वेगवान पाण्यासाठी लोकांनी सपाट बुडाची, दोन्ही टोकं वर उचललेली लाकडी बोट घडवली. ती प्रवाहाबरोबर खाली जाते आणि वल्हवणारा पुढे तोंड करून उलटं वल्हवत तिला सावरतो. आज तिथे लाकडी बोटींचे शौकीन नदीकाठी जमतात, जुन्या बोटी मांडतात, जुन्या मापांवरून नव्या बांधतात. त्यांच्या बोटीचा इतिहास शंभरेक वर्षांचा. कारागिरांची नावं त्यांना पाठ आहेत, मापं कागदावर आहेत. आपला डोंगा त्याहून किती जुना, पण त्याचं एकही माप आपल्या घरात नाही. आपण नावेत बसलो, उतरलो, धान्य दिलं, आणि नावाड्याला आडनावानंसुद्धा ओळखलं नाही.

म्हणून एक विनंती. घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर या दिवाळीत तीन गोष्टी विचारून ठेवा. कोणत्या घाटावरून नदी ओलांडायचात? नाव कुठल्या लाकडाची, कोणी बांधली? नावाड्याला काय म्हणायचात? उत्तर वहीत लिहा, तारीख टाका. आणि जमलं तर कार्तिक पौर्णिमेला वढ्याला जाऊन या. यात्रा आजही भरते. संगमावर उभं राहिलं की तिन्ही काठ एका नजरेत दिसतात. आपली माणसं त्या तिन्ही काठांवर होती.