शाळा सोडल्याचे कारण

१८८३ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा अकरावा खंड छापून निघाला. विषय कुलाबा जिल्हा आणि जंजिरा संस्थान. अलिबाग हे जिल्ह्याचे ठाणे, त्यामुळे बंदर, किल्ला, कचेऱ्या यांच्या जोडीने शिक्षणाचाही हिशेब त्यात आला: शाळा किती, पटावर मुले किती, कोणत्या जातीची किती. त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत स्टॅन्ली हॉल या मानसशास्त्रज्ञाने एक लेख छापला. बोस्टनमध्ये नुकत्याच शाळेत आलेल्या मुलांना तीन-तीनच्या गटाने बाजूला घेऊन शिक्षिकांनी प्रश्न विचारले होते. शेकडा ८० मुलांना मधमाश्यांचे घर म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, आणि गाय ठाऊक नसलेली मुलेही शेकडा १८हून अधिक निघाली. हॉलची पद्धत आज कच्ची वाटते, आणि त्यालाही मुलांच्या डोक्यात काय आहे एवढेच हवे होते. शाळेत त्यांना कसे वाटते याची त्याने चौकशी केली नाही. पण उत्तर त्याने मुलांच्या तोंडून घेतले. अलिबागच्या किनाऱ्यावर तेव्हा, आणि नंतरही फार काळ, मुलांविषयीची उत्तरे मोठ्यांकडून घेतली गेली. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. तरी त्यामुळे या जिल्ह्याच्या शिक्षणाच्या इतिहासात मोठी पोकळी राहिली, आणि ती जिव्हाळ्याची नसून माहितीची आहे, असे माझे म्हणणे आहे. सहावी-सातवीतल्या मुलाला त्याच्या दिवसाविषयी आणि शाळेविषयी विचारणे ही मेहेरबानी समजली जाते. खरे तर तो पुरावा आहे, आणि दुसऱ्या कुठल्या दप्तरात तो मिळत नाही.

प्रश्नांची वाण कधीच नव्हती. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीत, १८२०च्या दशकात, कलेक्टरांकडून देशी शाळांची माहिती मागवली गेली, रा. वि. परुळेकरांनी पुढे १९४५ साली ते कागद संपादून छापले. अलिबागवर त्या काळी आंग्र्यांचा अंमल होता, त्यामुळे त्या चौकशीत शेजारचे कोकण येते, अलिबाग येत नाही. पण पंतोजीची शाळा हद्द पाहून बदलत नसे. धूळपाटी, मोडीची वळणे, पावकी-निमकी-दिडकी, संध्याकाळचा परवचा. त्या शाळेत मूल दिवसभर मोठ्याने बोलत असे, पण बोलत असे ते पाठ केलेले. बेने इस्रायल ज्यूंच्या वस्तीमुळे अमेरिकन मिशनचे लक्ष या किनाऱ्याकडे गेले, तेव्हा पाठांतराचा मजकूर बदलला आणि मिशनच्या शाळांत प्रश्नोत्तरी आली. प्रश्न छापील, उत्तरही छापील.

सरकारी शिक्षणखाते १८५५ साली उभे राहिले आणि त्याबरोबर ‘डिपोटी’ आला. डेप्युटी इन्स्पेक्टर गावात यायचा म्हणजे शाळा सारवून निघायची, गैरहजर पोरे घरून धरून आणली जायची. मग वाचन, शुद्धलेखन, तोंडी हिशेब, नकाशावर काठी. निकालावर अनुदान ठरवण्याची पद्धत इलाख्यात १८६०च्या दशकात सुरू झाली होती, म्हणून मुलाच्या उत्तराला पैशात किंमत होती. अर्थात ठरलेल्या उत्तराला. ही सगळी व्यवस्था मुलाला सतत बोलते करीत होती आणि त्याच्याविषयी त्याच्याकडून काहीही जाणून घेत नव्हती. गॅझेटिअरच्या या मालिकेत जातींची वर्णने वाचताना ते फार स्पष्ट दिसते. पोशाख, अन्न, लग्नविधी सांगून झाले की शेवटाला जवळजवळ ठराविक वाक्य येते: हे लोक मुलांना शाळेत पाठवतात, किंवा पाठवत नाहीत. मूल तिथे कर्म आहे, कर्ता नाही. दाणे दळायला पाठवावेत तसे ते पाठवले जाते. १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी त्या वाक्यामागचे कारण मांडले: शेतकऱ्याला गुरे राखायला आणि शेतावर पोराची गरज असते, दारिद्र्यच शाळेच्या आड येते. सरकारी आकड्यांपेक्षा ते मुलाच्या कितीतरी जवळ जाणारे होते. पण तेही वडीलधाऱ्याने मुलाच्या वतीने दिलेले उत्तर.

एक जागा मात्र अशी होती, आणि आहे, जिथे मुलाचे कारण लिहिण्यासाठी रकाना आखलेला असतो. शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही, जिला सगळे ‘जनरल रजिस्टर’ म्हणतात. आडवे मोठे पान. अनुक्रमांक, पूर्ण नाव, धर्म आणि जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख. आणि मग ‘शाळा सोडल्याचे कारण’. एवढ्या रकान्यांत हाच काय तो प्रश्नार्थक. तो भरला जातो हेडमास्तरांच्या हाताने: ‘पालकांच्या विनंतीवरून’, ‘सतत गैरहजर’, ‘पुढील शिक्षणासाठी’. यांतले पहिले कारण नव्हेच, ती कार्यपद्धती झाली. दुसरे म्हणजे तीच घटना पुन्हा सांगणे: शाळेत येत नव्हता म्हणून शाळा सुटली. का येत नव्हता, हे वहीला माहीत नाही. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि शाळाशाळांतली ही जुनी रजिस्टरे पुन्हा उघडली गेली. नजर अर्थातच जातीच्या रकान्यावर होती. त्या रकान्याच्या एका शब्दावर आज दाखले मिळतात. पानाच्या उजव्या टोकाच्या रकान्यासाठी वही उघडायला कुठली समिती नेमलेली मला आठवत नाही.

रजिस्टरात काय मावते आणि काय मावत नाही याचा सर्वांत ठसठशीत दाखला साताऱ्याचा आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. नोंदीवरून कळते ते एवढेच की एक मुलगा शाळेत आला. त्या मुलाला वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे, ते गोणपाट शाळा झाडणारा नोकर शिवत नसल्यामुळे रोज घरी न्यावे आणि परत आणावे लागे, आणि शिपाई नसला तर पाणी नाही, हे कागदावर यायला तीसेक वर्षे जावी लागली. ते त्यांनी स्वतःच, प्रौढपणी, आठवणी म्हणून लिहिले तेव्हा आले. पटसंख्या, हजेरी, निकाल या कशातही ते गोणपाट दिसले नसते. उलट तो मुलगा हजर होता, म्हणजे आकड्यांच्या दृष्टीने सगळे ठीक होते. ज्यांना पुढे लेखणी मिळाली नाही त्यांची गोणपाटे कुठे गेली, हा प्रश्न पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात तर टाळताच येत नाही. महाडचे चवदार तळे याच जिल्ह्यातले.

अलिबाग तालुक्यापुरते बोलायचे तर गैरहजेरीचे ठरलेले स्पष्टीकरण म्हणजे ‘पालकांची अनास्था’. पण इथली वर्षाची मांडणी पाहा. शाळा जूनमध्ये उघडते आणि महिन्याभरात भाताची लावणी येते. मिठागरांचे काम पावसाळा संपल्यावर सुरू होऊन उन्हाळ्यात भराला येते, म्हणजे वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. कोळीवाड्यात उलटे: १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, घरचे पुरुष घरात, आणि शाळा नीट सुरू होते ना होते तोच होड्या पुन्हा दर्यावर. कातकरी कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. शाळेचे जवळजवळ सगळे दुसरे सत्र त्यात जाते. एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या तीन मुलांची ही तीन वेगळी वर्षे. त्यांत घरची आगरी किंवा कातकरी बोली आणि पुस्तकाची भाषा यांतले अंतर मिळवा. हे सगळे ‘अनास्था’ या एका शब्दात कोंबले की उपाय म्हणून प्रबोधनच सुचणार. मुलाला विचारले असते तर निदान एवढे कळले असते, की कोणाला वेळ नाही, कोणाला भाषा कळत नाही, कोणाला मार नको आहे आणि कोणाला शाळा आवडते पण भट्टी दूर आहे. चौघांची औषधे वेगळी आहेत.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो, आणि तो हलका नाही. मुले खरे सांगत नाहीत. समोरच्याला काय आवडेल ते ओळखून बोलतात. याचा पुरावा शाळेनेच तयार करून ठेवला आहे: ‘माझी शाळा’ हा निबंध. मराठी मुलुखात शाळेविषयी मुलांनी लिहिलेल्या मजकुराचा सर्वांत मोठा साठा बहुधा हाच असेल, आणि त्यातली शाळा नेहमी सुंदर, शिक्षक नेहमी प्रेमळ, बाग नेहमी फुललेली. गाईडमधून उतरलेली ती शाळा आहे. पण यावरून मूल खोटे बोलते हे सिद्ध होत नाही. विचारण्याची जागा चुकली हे होते. अलिबागकरांना हे वेगळे सांगायला नको. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चाले. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांनी सुया बिघडणार, हे दिसताच वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली ते काम १९०४ साली अलिबागला आणले गेले, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत. काही काळ दोन्हीकडे मोजणी समांतर चालली, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. सुई थरथरते म्हणून चुंबकत्वच नाही, असे कोणी म्हटले नाही. वर्गात, गुरुजींसमोर, नाव लिहून विचारलेला प्रश्न म्हणजे ट्रामच्या रुळांशेजारी ठेवलेली सुई.

अलीकडे हे शहाणपण थोडे आले आहे. २००५ पासून ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीत कार्यकर्ते शाळेऐवजी घरी जातात आणि एकेका मुलाला वाचायला देतात. घरी गेल्यामुळेच पटावरच्या आणि वाचता येणाऱ्या मुलांतली तफावत उघडी पडली. अर्थात तिथेही मुख्य प्रश्न ‘येते का’ हाच. एनसीईआरटीने २०२२ साली सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ मुलांची मानसिक स्वास्थ्याविषयी पाहणी केली, त्यात नाव लिहिणे ऐच्छिक होते. अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांची चिंता शेकडा ८१ मुलांनी सांगितली, आणि उच्च प्राथमिकमधून माध्यमिककडे जाताना शाळेविषयीचे समाधान घटत जाते असे दिसले. दुसरा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. सातवी-आठवीत काहीतरी निसटते, हे शिक्षक आपापसांत नेहमी बोलतात. इथे ते मुलांनी सांगितले. तरी देशभराच्या टक्केवारीतून चौल-रेवदंड्याचा मुलगा कळत नाही. त्यासाठी प्रश्न बारीक हवेत. ‘शाळा आवडते का’ याला ‘हो’ हेच उत्तर येणार. काल किती वाजता उठलास, शाळेत येण्याआधी काय केलेस, दिवसभरात कोण तुझ्याशी बोलले, कोणत्या तासाला घड्याळाकडे पाहिलेस, असे विचारले तर मूल बनवाबनवी करीत नाही, कारण त्यात बनवण्यासारखे काही आहे हेच त्याला दिसत नाही.

दुसरा आक्षेप असा, की मुलाला विचारून मुलापुरतेच कळेल. व्यवस्था कशी आहे हे त्याला काय समजणार? याचे उत्तर पुण्यात १८५५ सालीच मिळाले आहे. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदाच्या आसपास वयाच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदया’ने त्या वर्षीच्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत छापला. त्यात धर्म आहे, पेशवाईतला जुलूम आहे, बाळंतिणीचे हाल आहेत, शिकण्याची हाक आहे. ती असामान्य होती, हे खरे. पण तिच्या हातात कागद देऊन ‘लिही’ म्हणणारी शाळाही असामान्य होती, आणि यांतले किती श्रेय कोणाचे हे ठरवायला आपल्याकडे साधनच नाही, कारण तसा प्रयोग फारसा कोणी पुन्हा केला नाही.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. मुले बोलू लागली की पहिले बोट शिक्षकाकडे जाते. ज्याला स्वतःला अहवालांखेरीज काही विचारले जात नाही, त्याच्यावर आणखी एक साक्षीदार बसवायचा. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर, २०२४ साली, शाळांतल्या तक्रारपेटीची पुन्हा ताकीद आली. ती आवश्यकच आहे. पण पेटी तक्रारीसाठी असते, आणि मुलाच्या बोलण्याला तेवढे एकच दार ठेवले की प्रत्येक बोलणे तक्रार ठरते. लावणीमुळे झोप येते ही तक्रार नाही. गणिताच्या तासाला पोटात गोळा येतो ही मास्तरांविरुद्धची फिर्याद नाही. अशा गोष्टींना पेटीत जागा नसते, म्हणून शिक्षकालाही त्या कळत नाहीत आणि त्याच्या माथी ‘अनास्था’ हाच शब्द मारला जातो, फक्त या वेळी शिक्षकांची.

आता नोंदवही संगणकात गेली आहे. २०२२-२३ पासून युडायस प्लस या शालेय माहिती-प्रणालीवर विद्यार्थीनिहाय माहिती भरली जाते, प्रत्येक मुलाला कायम क्रमांक आहे, आणि शाळा सुटली की ते मूल ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये जाते, दुसऱ्या शाळेने उचलून घेईपर्यंत. पूर्वी भट्टीवर गेलेले मूल वर्षभर पटावर गृहीत धरले जाई, आता निदान त्याची वाट कोणी पाहत आहे हे पडद्यावर दिसते. माहिती भरण्यासाठी लॉगिन मुख्याध्यापकांना आहे, वरच्या कचेऱ्यांना आहे. ज्याची नोंद आहे त्या मुलाला नाही.