आठ किलोमीटर, नाहीतर तीन हजार

सीबी रेडिओ किती लांब बोलतो असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: आठ किलोमीटर, नाहीतर तीन हजार. मधलं काही विचारू नका. ऐकणाऱ्याला वाटतं मी थट्टा करतोय. पण खरंच तसं आहे, आणि या न सापडणाऱ्या 'मधल्या' अंतरापायी अमेरिकेत कितीतरी वर्षं कायदे, पळवाटा आणि भांडणं झाली. ती गोष्ट मला फार आवडते, म्हणून आज ती.

ज्यांनी हे नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: सीबी म्हणजे सिटिझन्स बँड. हॅम रेडिओला परीक्षा द्यावी लागते, सीबीला नाही. दुकानातून संच आणायचा, गाडीत बसवायचा, माइकचं बटण दाबून बोलायचं आणि बटण सोडून ऐकायचं. जुन्या इंग्रजी सिनेमांत ट्रक ड्रायव्हर वळणावळणाच्या वायरचा माइक तोंडाशी धरून बोलताना दिसतात ना, तेच ते यंत्र.

या सगळ्याच्या मुळाशी अल् ग्रॉस नावाचा एक माणूस आहे. जन्म टोरंटोचा, वाढला क्लीव्हलँडमध्ये. १९३८ च्या सुमारास, वयाच्या विशीत, त्याने हातात धरून बोलायचा रेडिओ बनवला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने त्याला हाताशी धरलं. 'जोन-एलिनॉर' नावाची एक पद्धत तेव्हा तयार झाली, तिच्यात त्याचा हात होता. जर्मन टापूत उतरवलेल्या हेराच्या हातात छोटासा संच, आणि त्याच्या डोक्यावर जवळजवळ नऊ किलोमीटर उंचीवर घिरट्या घालणारं विमान. हेर बोलायचा, विमानातला माणूस ऐकायचा. जमिनीवरून शोध घेणाऱ्या जर्मनांना मात्र काही ऐकू येणं फार कठीण. तोच संच आकाशाच्या दिशेने मैलोगणिक पोहोचत होता आणि जमिनीवर थोड्याच अंतरात दम तोडत होता.

हे जरा लक्षात ठेवा. पुढचं सगळं यातच आहे.

युद्ध संपत आलं तेव्हा अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने, म्हणजे एफसीसीने, ठरवलं की रेडिओलहरींचा एक तुकडा सामान्य नागरिकांसाठी राखून ठेवायचा. आयोगाचे एक सदस्य, ई. के. जेट, यांनी जुलै १९४५ मध्ये 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकात त्यावर लेख लिहिला. शेतावरचा नवरा घरच्या बायकोशी बोलेल, डॉक्टर गाडीतून दवाखान्याशी बोलेल, अशी ती स्वप्नं होती. आज आपण मोबाइलवर जे करतो तेच! पण दिलेला तुकडा होता ४६० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, आणि त्या काळच्या व्हॉल्व्हच्या जमान्यात त्या फ्रीक्वेन्सीवर धड चालणारा संच बनवणं महागाचं काम. ग्रॉसने संच काढले, १९४८ मध्ये सरकारी मान्यताही मिळवली, पण ते काही घरोघर पोहोचले नाहीत.

मग १९५८ उजाडलं. स्वस्त संच हवा तर फ्रीक्वेन्सी खाली आणायला हवी. आयोगाने हॅम लोकांकडचा २७ मेगाहर्ट्झचा पट्टा काढून घेतला आणि ११ सप्टेंबर १९५८ पासून २३ चॅनेल्स नागरिकांना देऊन टाकली. हॅम मंडळी रागावली, पण तो पट्टा तसाही थोडा उष्टाच होता. इस्पितळात शेक द्यायची डायाथर्मी यंत्रं २७.१२ वरच चालतात, त्यांची घरघर तिथे आधीपासून होती.

आता गंमत पाहा. सूर्यावरच्या डागांचं चक्र साधारण अकरा वर्षांचं. ज्या चक्राला शास्त्रज्ञ एकोणिसावं म्हणतात त्याचा कळस मार्च १९५८ मध्ये झाला, आणि चक्रांना क्रमांक दिलेल्या काळातला तो सगळ्यात मोठा कळस. सूर्य असा पेटलेला असताना वातावरणाच्या वरच्या थरात, अडीचशे-चारशे किलोमीटरवर, २७ मेगाहर्ट्झच्या लहरी परतवून लावणारा आरसाच तयार होतो. म्हणजे आयोगाने 'गावातल्या गावात बोला' म्हणून जी फ्रीक्वेन्सी दिली, ती नेमक्या अशा वर्षी दिली की त्या वर्षी तिच्यावरून अर्ध्या जगाशी बोलता येत होतं! मला हा प्रकार एखाद्याला पतंग उडवायला बंदी घालून वादळात गच्चीवर उभं करण्यासारखा वाटतो.

बंदी खरंच होती. दीडशे मैलांच्या पलीकडच्या माणसाशी बोलायचं नाही, असा नियम. दीडशे मैल म्हणजे सुमारे २४० किलोमीटर, आपलं पुणे ते कोल्हापूर धरा. आणि इथेच माझं सुरुवातीचं उत्तर येतं.

जमिनीलगत जाणारी लहर तुमच्या एरियलच्या उंचीला बांधलेली असते. पृथ्वी गोल आहे, त्याला इलाज नाही. हिशोब सोपा आहे: दोन्ही एरियलच्या उंचीची (मीटरमध्ये) वर्गमुळं काढा, त्यांची बेरीज करा, तिला ४.१२ ने गुणा, की किलोमीटर मिळतात. दोन गाड्या, प्रत्येकीचं एरियल दोन मीटरवर, तर उत्तर येतं साडेअकरा किलोमीटर. हे कागदावरचं. झाडं, इमारती, टेकाडं आणि इंजिनच्या स्पार्कची खरखर वजा केली की रस्त्यावर पाच ते आठ किलोमीटर उरतात. हातातला छोटा संच असेल तर दोन-तीन. घराच्या छपरावर अठरा मीटर उंच खांब उभारला तर गाडीशी तेवीस किलोमीटरच्या आसपास, तेही कागदावर. आणि हाच गाडीतला संच घेऊन तुम्ही सिंहगडावर गेलात, तर तो पुण्यापेक्षा साडेसातशे मीटर उंच, म्हणजे तोच हिशोब थेट ११८ किलोमीटरवर जातो. संच तोच, ताकद तीच चार वॉट. ग्रॉसच्या विमानाची गोष्ट म्हणूनच लक्षात ठेवायला सांगितली.

दुसरी तऱ्हा आकाशातल्या त्या आरशाची. अमेरिकन लोक तिला 'स्किप' म्हणतात, आणि तो शब्द फार चपखल आहे, कारण लहर मधला सगळा प्रदेश उडी मारून ओलांडते. वरच्या थरावरून परतलेली लहर दीड-दोन हजार ते चार हजार किलोमीटरवर उतरते. उन्हाळ्यात शंभरेक किलोमीटर उंचीवर अधूनमधून आयनांचे दाट ढग जमतात, त्यांच्यावरून परतली तर पाचशे ते दोन हजार. तीस-चाळीस किलोमीटरपासून काही शे किलोमीटरपर्यंत मात्र सहसा ठणठणीत शांतता. आणि आयोगाची २४० किलोमीटरची रेघ बरोबर त्या शांततेच्या मधोमध! ज्या अंतरापर्यंत बोलायची परवानगी होती तिथपर्यंत आवाज जातच नव्हता, आणि जिथे जात होता तिथे परवानगी नव्हती.

लोकांचा सोपा उपाय म्हणजे ताकद वाढवणं. चोरून ॲम्प्लिफायर लावायचे. पण जमिनीलगत अंतर दुप्पट करायला ताकद साधारण सोळापट लागते, म्हणजे चारचे चौसष्ट वॉट. एवढं करूनही समोरच्याचे चारच वॉट असतात, त्यामुळे त्याचं बोलणं तुमच्यापर्यंत येतच नाही. अशा स्टेशनला हॅम लोक 'मगर' म्हणतात: तोंड भलंमोठं, कान नाहीत. (आपल्या ओळखीतही अशा दोन-चार मगरी असतील, असो.) १९७८ मध्ये आयोगाने या ॲम्प्लिफायरच्या उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी आणली, तरी ते विकले जातच राहिले.

पण मग आठ किलोमीटरच्या यंत्राने देशभर धुमाकूळ कसा घातला?

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. डिझेल महागलं, पंपावर मोजून मिळू लागलं. डिसेंबरच्या सुरुवातीला 'रिव्हर रॅट' हे टोपणनाव लावणाऱ्या एका ट्रकवाल्याचं डिझेल पेनसिल्व्हेनियात, इंटरस्टेट ८० वर संपलं. तो सीबीवरून आपली व्यथा सांगत राहिला आणि बघता बघता ट्रकवाल्यांनी तो हायवे अडवून धरला. लगेच दुसऱ्या राज्यांतही तेच. जानेवारी १९७४ मध्ये निक्सन यांनी ताशी ५५ मैलांच्या मर्यादेच्या कायद्यावर सही केली. ज्यांची कमाई मैलांवर, त्यांच्या पोटावरच पाय.

इथे ते आठ किलोमीटर पुरेसे ठरले. समोरून येणारा ट्रक पोलिसाच्या गाडीजवळून नुकताच गेलेला असतो. दोघांचा एकमेकांकडे येण्याचा वेग मिळून ताशी १७७ किलोमीटर. आठ किलोमीटरवर आवाज लागतो आणि मागे आठ किलोमीटर गेल्यावर तुटतो, म्हणजे बोलायला पाचेक मिनिटं मिळतात. "कुठे उभा आहे? कितव्या मैलाच्या दगडाशी?" एवढं विचारायला पाच मिनिटं रग्गड झाली. मग हा पुढच्याला सांगतो, तो त्याच्या पुढच्याला. गावाकडे एक बाई विहिरीवर बोलली की संध्याकाळपर्यंत सात वाड्यांना कळतं, तसंच. तेव्हा सीबीची लांबी संचावर छापलेली नसायची, रस्त्यावर किती ट्रक आहेत त्यावर ठरायची. रात्री तीन वाजता नेवाडाच्या वाळवंटात ती उरलेली आठच किलोमीटर.

ट्रकवाल्यांची अक्कल एरियलमध्येही दिसते. दोन्ही आरशांवर एकेक काठी लावायची. त्यांच्यात पाव लहरीचं, म्हणजे २.७ मीटरचं अंतर पडलं की आवाज रस्त्याच्या दिशेने पुढेमागे जास्त जातो, बाजूच्या शेतांत कमी. ट्रकच्या रुंदीला हे जवळपास जमतं. ते पाहून छोट्या गाडीवरही दोन काठ्या लावणारे लोक होते, त्यांचा उपयोग फक्त ऐट करण्याला.

मग वेडच पसरलं. १९७५ च्या शेवटी 'कॉन्व्हॉय' गाणं आलं, जानेवारी १९७६ मध्ये ते पहिल्या नंबरावर गेलं. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचंही सीबीवर टोपणनाव होतं, 'फर्स्ट मामा'. परवान्यांच्या अर्जांचे ढीग लागले, शेवटी आयोगाने तात्पुरता परवाना सुरू केला: के हे अक्षर, पुढे तुमची आद्याक्षरं आणि पिनकोड, झालं तुमचं स्टेशन. जानेवारी १९७७ पासून २३ ची ४० चॅनेल्स झाली.

या भरभराटीच्या वेळी सूर्य झोपलेला होता, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. १९७६ हे डागांच्या नीचांकाचं वर्ष. आकाशातला आरसा बंद, त्यामुळे चॅनेल्सवर फक्त जवळचेच लोक. लाखो लोकांनी संच घेतले ते अशा शांत दिवसांत, आणि त्यांना वाटलं सीबी असाच असतो. १९७९ च्या शेवटी पुढचा कळस आला तेव्हा दोन हजार किलोमीटरवरचे शेकडो आवाज एकाच वेळी कोसळू लागले. एएम पद्धतीत दोन लहरी एकमेकींवर पडल्या की शिट्टी वाजते, शेकडो पडल्या की नुसता कोलाहल.

आणि यात थट्टेची गोष्ट उरत नाही ती नऊ नंबरच्या चॅनेलपाशी. ते आयोगाने संकटकाळासाठी राखून ठेवलं होतं. १९६२ पासून 'रिॲक्ट' नावाच्या संस्थेचे स्वयंसेवक घरी बसून त्यावर कान लावून असायचे, अगदी फुकट. रस्त्यावर गाडी उलटली तर मदत मागायला तेव्हा मोबाइल नव्हता. पण ऐकणारा स्वयंसेवक सहा किलोमीटरवर असला तरी मधे टेकडी असेल तर हाक कमजोरच पोहोचणार, आणि त्या क्षणी दुरून कुणाचा तरी आवाज आकाशातून उतरला तर ती त्याखाली दबून जाणार. 'अमुक मैल रेंज' असं खोक्यावर छापणाऱ्यांनी हे छापायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडीत सीबी आहे म्हणून निर्धास्त झालेल्या माणसाला हे अंतर कोण समजावणार?

पुढचं थोडक्यात. १९८३ मध्ये वैयक्तिक परवान्याची अटच काढून टाकली, मग मोबाइल आले. ग्रॉस २००० साली वारला. दीडशे मैलांचा तो नियम आयोगाने २०१७ मध्ये रद्द केला, जवळजवळ साठ वर्षांनी! २०२१ मध्ये एफएमलाही परवानगी दिली. २०२४ च्या सुमारास पंचविसाव्या चक्राचा कळस होता, तेव्हा चार वॉटवर अटलांटिकपार बोलणाऱ्यांना कुणाचं भय नव्हतं.

आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यामुळे असा संच नुसता जवळ बाळगायलाही परवाना लागायचा. २००५ मध्ये २७ मेगाहर्ट्झच्या या पट्ट्यात पाच वॉटपर्यंत सूट मिळाली, तोवर लोकांच्या खिशात मोबाइल आला होता. तरी हा पट्टा तुमच्या घरात येऊन गेलेला असू शकतो. माळ्यावर मुलांची जुनी रिमोटची गाडी असेल तर तिचं पोट उलटून बघा, बऱ्याच गाड्यांवर '२७ मेगाहर्ट्झ' छापलेलं असतं. सीबीच्या चॅनेल्सच्या मधल्या फटींतच या खेळण्यांची सोय केलेली होती.