आग विझविण्याची विद्या आणि आपले नागपूर

भगिनींनो, आपल्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती, भजने आणि सहलींचे वृत्तांत असतात. त्यांच्याच पंगतीला मी आज जरा निराळा विषय वाढते आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा इतिहास सांगायचा तो साध्या घरगुती भाषेतच सांगेन.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज उभे होते. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटक द्रव्ये होती आणि सोबत कापसाच्या गाठी. दुपारी आत आग लागल्याचे दिसले. आपल्या विदर्भातल्या बायकांना हे सांगायला नको की गाठीची आग वरून विझली तरी आत धुमसतच राहते. बंबवाले पाणी मारीत राहिले. चार वाजून गेल्यावर एकापाठोपाठ दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे गेली. त्यांत आग विझविणारे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ ते २० एप्रिल हा आठवडा देशभर अग्निशमन सप्ताह म्हणून पाळतात.

त्या जवानांच्या ठायी धैर्य काय कमी होते? पण आगीपुढे नुसते धैर्य पुरत नाही. काय जळते आहे, ते कसे विझते आणि केव्हा मागे सरायचे, हे आधी शिकलेले असावे लागते.

असे शिक्षण देणाऱ्या देशातल्या मोठ्या संस्था आपल्याच शहरात आल्या, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली उत्तर प्रदेशात रामपूरला निघाले आणि १९५७ मध्ये नागपूरला आले. त्याच वर्षी २९ एप्रिलला संकटकाळी मदत करणाऱ्यांना शिकविण्यासाठी दुसरी संस्था येथे सुरू झाली. १९६८ पासून तिला राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणू लागले. अलीकडे ती राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या अकादमीत सामील झाली.

हे झाले अधिकाऱ्यांचे शिक्षण. सामान्य घरच्या तरुणांचे काय? त्यांच्यासाठी गृहरक्षक दल, म्हणजे आपले होमगार्ड. ते ६ डिसेंबर १९४६ रोजी मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने मुंबईत स्थापन झाले. त्या वेळी नागपूर मध्यप्रांताची राजधानी होते. मुंबई राज्यात आपण १९५६ साली आलो. या दलातली माणसे मानसेवी असतात. कोणी दुकानात, कोणी शेतावर काम करतो आणि आठवड्यातून एकदा कवायतीला हजर राहतो. आग, पूर, अपघात यांत मदत करणे हे त्यांचे काम. दलात स्त्रियाही आहेत.

नागरी संरक्षणाच्या शिक्षणात स्टिरप पंप म्हणून एक साधा हातपंप असतो. एकाने पंप मारायचा, दुसऱ्याने नळी धरून वाकून पुढे जायचे, तिसऱ्याने बादल्या पुरवायच्या. वाकायचे अशासाठी की धूर वर चढतो आणि श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत उरते. ऐकायला किती सोपे! पण डोळ्यांत धूर गेला की ऐकलेले आठवत नाही. हाताला सवय असेल तेवढेच घडते. पोळी लाटणे का पुस्तकात वाचून येते? म्हणून कवायत वर्षातून एकदा नव्हे, दर आठवड्याला हवी. जर्मनीत तर खेड्याखेड्यांतून सुतार, शेतकरी, शिक्षक हेच स्वयंसेवक म्हणून बंब चालवतात आणि त्यांची मुले दहा-बारा वर्षांची झाली की बालपथकात सरावाला जाऊ लागतात.

“मुलींचे तिथे काय काम?” असे कोणी विचारील. त्याचे उत्तर नागपूरनेच दिले आहे. अग्निशमन महाविद्यालयात कित्येक वर्षे एकही मुलगी नव्हती. २००२ साली आपल्या नागपूरच्या हर्षिनी कान्हेकर यांनी तेथे प्रवेश मिळविला. त्या आधी एन.सी.सी.त होत्या, म्हणजे कवायतीची सवय अंगी होतीच. शिक्षण पुरे करून त्या तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या अग्निशमन सेवेत रुजू झाल्या.

आता आपल्या मिहानकडे पाहू. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांच्या शेतजमिनींवर आज कारखाने, गोदामे, विमानदुरुस्तीचे केंद्र आणि एम्स रुग्णालय उभे आहे. कामगारांच्या वस्त्या वाढल्या, घरोघरी गॅस आला. बंब कितीही वेगाने आला तरी त्याला वाट कापावी लागते. तोवरची पहिली काही मिनिटे शेजाऱ्यांच्या हाती असतात आणि दुपारच्या वेळी शेजारी म्हणजे बहुधा आपण बायकाच. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नये. ते तापल्या तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होते आणि जळते तेल चहूकडे उडवते. जमले तर गॅस बंद करावा, कढईवर झाकण सरकवावे आणि ते लगेच उघडून पाहू नये. आग आवरत नसेल तर सर्वांना बाहेर काढून १०१ फिरवावा.

एवढे प्रत्येकीला यावेच. पण आपली मुले-मुली याहून पुष्कळ शिकू शकतील. तेव्हा मंडळाने या वर्षी गृहरक्षक दलाला आणि अग्निशमन केंद्राला विनंतीपत्र द्यावे, आपल्या पटांगणावर आठवड्यातून एक तास मागून घ्यावा आणि पहिल्या ओळीत आपल्या लेकी-सुनांना उभे करावे, अशी माझी सर्व भगिनींना विनंती आहे.