शिळाछापांतलीं द्वाड पोरें

जुन्या शिळाछाप पोथ्या ज्यांनीं हाताळल्या असतील, त्यांस दगडावरून छापण्याची कला ठाऊक असेलच. आमच्याकडे तिनें पुराणें व पंचांगें छापलीं. फ्रान्समध्यें तिनें राजास सळो कीं पळो करून सोडलें. तेलकट खडूनें दगडावर काढलेलें चित्र झटपट छापून निघे व बाजारांत पसरे. फिलिपों यानें १८३१ सालीं लुई फिलिप राजाच्या चेहऱ्याची पायरीपायरीनें नासपती करून दाखविली. फ्रेंच बोलींत त्या फळाच्या नांवाचा अर्थ मठ्ठ असाही होतो. दोमिए यास राजाला खादाड राक्षसाच्या रूपांत रंगविल्याबद्दल १८३२ सालीं सहा महिन्यांची शिक्षा झाली. पुढें १८३५ च्या जुलैंत राजावर प्राणघातक हल्ला झाला आणि सप्टेंबरांत कायदा आला, कीं सरकारी परवानगीवांचून एकही चित्र प्रसिद्ध होतां कामा नये.

राजवाड्याचें दार असें बंद झाल्यावर उपहास गृहस्थांच्या दिवाणखान्यांत शिरला. गावार्नीनें १८३८ च्या सुमारास 'शारिवारी' पत्रांत 'भयंकर पोरें' ही चित्रमाला सुरू केली. पाहुणा बसला आहे, गोड बोलणें चाललें आहे. इतक्यांत आईबाप त्याच्या पाठीमागें काय बोलले, तें पोर त्याच्या तोंडावर सांगून टाकतें. पोर मुळींच द्वाड नसतें. शिष्टाचाराचें खोटें बोलण्यास तें अद्याप शिकलेलें नसतें, एवढाच त्याचा अपराध!

दोमिएनेंहि १८४५-४६ त 'प्राध्यापक आणि पोरें' ही माला काढली. तींत पोरांपेक्षां गुरुजीच अधिक हास्यास्पद दिसतात; आमच्यासारख्या अध्यापकांनीं हसावें कीं वरमावें, हें समजत नाहीं.

गावार्नी कांहीं राजद्रोही नव्हे. पोषाखांच्या फॅशनचीं चित्रें काढून तो पुढें आला होता आणि राजकारणाची त्यास फारशी हौस नव्हती. त्याच्या विनोदाला धैर्य म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु ज्या सुखवस्तु वर्गाच्या पाठिंब्यावर तें सिंहासन उभें होतें, त्याच वर्गाच्या घरांतील दांभिकपणा या पोरांनीं चव्हाट्यावर आणला. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला त्यांत आक्षेपार्ह तें काय सांपडणार? त्याच्याहि घरीं तसेंच एखादें पोर असेल.

१८४८ च्या फेब्रुवारींत राजा सिंहासन सोडून इंग्लंडास पळाला. नासपतीची ती थट्टा आज इतिहासाच्या अभ्यासकांसच आठवते. 'आंफां तेरिब्ल' हा शब्द मात्र फ्रेंच भाषेंतून इंग्रजींतहि जाऊन बसला आहे. राजाची थट्टा राजाबरोबर संपली. पाहुण्यासमोर पोर तोंड उघडूं लागलें, कीं आईबापांच्या पोटांत आजहि धस्स होतें.