धरलेल्या धुळीची विल्हेवाट

हवा गाळणाऱ्या प्रत्येक साधनाला दोन कामे असतात: धूळ धरणे आणि धरलेल्या धुळीची विल्हेवाट लावणे. पहिल्या कामात गेल्या पावणेदोनशे वर्षांत अफाट प्रगती झाली. दुसऱ्याचे उत्तर मात्र बदलत गेले. घरातल्या एअर प्युरिफायरची जाळी धुवायची, पण तिच्यामागचा महागडा फिल्टर फेकून द्यायचा, हा आजचा नियम त्या बदलत्या उत्तरांतूनच आला आहे.

जॉन स्टेनहाऊस या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८५४ मध्ये लंडनच्या मॅन्शन हाऊसमध्ये लाकडी कोळशाचा थर असलेली हवा-गाळणी बसवली. शहराच्या दुर्गंधीनेच रोग पसरतात असे मानण्याचा तो काळ. कोळसा वास आणि काही वायू आपल्या सूक्ष्म छिद्रांत धरून ठेवतो. धुळीचे त्याला फारसे सोयरसुतक नसते. धूर आणि धूळ यांच्यासाठी कापूस लागतो, हे भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी दाखवले. अंधाऱ्या खोलीत सोडलेल्या प्रकाशाच्या झोतात हवेतले कण त्यांना दिसत, आणि कापसातून आलेली हवा त्याच झोतात स्वच्छ, काळीभोर दिसे. त्यांनी १८७१ च्या सुमारास अग्निशामकांसाठी केलेल्या मुखवट्यात ग्लिसरीनमध्ये भिजवलेला कापूस आणि कोळसा असे दोन्ही होते. कणांसाठी एक थर, वायूंसाठी दुसरा, ही जोडी आजही प्रत्येक चांगल्या प्युरिफायरमध्ये असते. दोन्ही थर संपतात, पण वेगवेगळ्या रीतीने: एक तुंबतो, दुसरा तृप्त होतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या इमारतींच्या वायुवीजनात तेल माखलेल्या धातूच्या जाळ्या आल्या. धूळ तेलाला चिकटे. जाळी काढून गरम सोड्याच्या पाण्यात धुवायची, वाळवायची, पुन्हा तेल लावून बसवायची. हेच तत्त्व आपल्याकडे जुन्या ट्रॅक्टरच्या ऑइल-बाथ एअर क्लीनरमध्ये शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे सांभाळले आहे. खालची वाटी सोडवायची, तळाशी बसलेला काळा गाळ खरवडायचा, डिझेलने धुवायचे आणि खुणेपर्यंत नवे ऑइल भरायचे. कण फारसे बारीक धरले जात नाहीत, पण गाळणी फेकावी लागत नाही.

फ्रेडरिक कॉट्रेल यांनी धुळीला विजेने खेचण्याचा मार्ग काढला. कॅलिफोर्नियातल्या या रसायनशास्त्रज्ञाला १९०८ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. सुरुवातीला आम्लाचे तुषार आणि नंतर सिमेंट कारखान्यांची धूळ त्यांच्या उपकरणाने धरली. रिव्हरसाइडच्या सिमेंट कारखान्याची धूळ शेजारच्या संत्र्यांच्या बागांवर बसत असल्याने तिथे तंटाच उभा राहिला होता. कारखान्यात धूळ ओढून घेणाऱ्या प्लेटांवर हातोड्यांचे ठोके पडतात आणि साचलेली धूळ खालच्या नरसाळ्यात गळते. घरात ठोके मारून चालणार नव्हते. १९३० च्या दशकात वेस्टिंगहाऊसमधले गेलॉर्ड पेनी यांनी कणांना आधी विद्युतभार देऊन नंतर वेगळ्या प्लेटांवर गोळा करणारी रचना केली. त्यात ओझोन कमी तयार होई, म्हणून ती माणसे राहतात तिथे वापरता आली. प्लेटा मात्र हाताने धुवाव्या लागत. पुढे अमेरिकेत काही कंपन्या त्या सरळ भांडी धुण्याच्या मशीनमध्ये घाला असे सांगत. प्लेटा नीट वाळवल्या नाहीत की चटचट ठिणग्या उडत, आणि बारीक तारांवर थर साचला की कणांना भार मिळेनासा होई. यंत्र चालू दिसे, काम शून्य.

त्याच दशकात ओवेन्स-इलिनॉय या काच कंपनीने घरगुती भट्ट्यांसाठी काचतंतूंचे फिल्टर बाजारात आणले. मळला की काढून टाका, नवा बसवा. श्रम वाचत होते, त्यामुळे लोकांनी तो लगेच उचलला.

आजच्या प्युरिफायरचे हृदय असलेला हेपा फिल्टर मात्र युद्धातून आला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने विषारी धुरापासून बचावाच्या मुखवट्यांसाठी विशेष कागद विकसित केला. त्यात अॅस्बेस्टॉसचे तंतू होते. फुप्फुसे वाचवणाऱ्या कागदात फुप्फुसांचाच शत्रू बसवला होता. पन्नाशीच्या दशकात त्याची जागा काचतंतूंनी घेतली. रसायनशास्त्रज्ञ अर्विंग लँगम्यूर यांनी हिशेब मांडला की धरायला सर्वांत अवघड कण सुमारे ०.३ मायक्रॉनचे असतात. मोठे कण जडत्वाने तंतूंवर आदळतात, अतिसूक्ष्म कण वेडेवाकडे भरकटत त्यांना चिकटतात, मधले निसटतात. म्हणून कसोटी याच आकारावर ठरली: ९९.९७ टक्के अडले पाहिजेत.

युद्धानंतर हा फिल्टर अणुऊर्जेच्या कामात गेला. तिथे अडवलेली धूळ किरणोत्सारी, त्यामुळे धुण्याचा वा झटकण्याचा प्रश्नच नव्हता. फिल्टर चौकटीसकट पिशवीत बांधून अणुकचरा म्हणून पुरला जाई. घरातल्या फिल्टरला हा वारसा आहे. धुवायला तो कधी केलाच नव्हता. पाण्याने तंतूंची मांडणी बिघडते, घड्या चिकटतात. हल्लीच्या बऱ्याच फिल्टरांत विद्युतभारित प्लास्टिकचे तंतू असतात, त्यांचा भार साबणाने वा अल्कोहोलने उतरतो. वाळल्यावर फिल्टर नव्यासारखा पांढरा दिसेलही, पण कण निसटू लागलेले असतात. गॅरेजमध्ये गाडीचा फिल्टर आपटून, हवा मारून परत बसवायची सवय इथेही लागू करण्याचा मोह होतो. हवेच्या झोताने कागद फाटतो आणि धरलेली धूळ खोलीभर होते.

गंमत अशी की मळलेला काचतंतूंचा फिल्टर कण धरण्यात कमी पडत नाही, उलट साचलेला थरच नवी गाळणी बनतो. कमी होतो तो हवेचा प्रवाह. पंखा जास्त आवाज करतो, खोली स्वच्छ व्हायला वेळ लागतो. म्हणूनच पुढची धुता येणारी जाळी महत्त्वाची. केस, कपड्यांचे तंतू, मोठी धूळ तिथे थांबली की मागच्या फिल्टरचे आयुष्य वाढते. जाळी दोनतीन आठवड्यांनी ब्रशने वा नळाखाली साफ करायची आणि पूर्ण कोरडी करूनच बसवायची. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात तिला पंख्याखाली रात्रभर ठेवावे लागते, नाहीतर बुरशीचा वास तिथूनच सुरू होतो. धूळ मोजणाऱ्या सेन्सरचे बारीक भिंग कोरड्या कापसाच्या काडीने पुसले नाही, तर दाखवलेला आकडा खोटा ठरतो. कोळशाचा थर उन्हात ठेवून ताजा होत नाही; त्याला लागणारे तापमान घरात मिळत नाही.

बुरशी-जंतू रोखण्यासाठी फिल्टरवरच रसायन लावण्याचा प्रयोगही झाला. दक्षिण कोरियात २०१६ मध्ये काही प्युरिफायरांच्या फिल्टरवरचे ओआयटी हे जंतुनाशक हवेत मिसळते असे आढळले आणि ते फिल्टर परत मागवावे लागले. त्याआधी तिथे ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायच्या जंतुनाशकाने अनेकांचे बळी घेतले होते, त्यामुळे लोकांचा संताप समजण्यासारखा होता.

फिल्टर कधी बदलायचा हे बहुतेक यंत्रांत एक दिवा सांगतो, पण पुष्कळदा तो चाललेले तास मोजतो, साचलेली धूळ नव्हे. दिल्लीच्या हिवाळ्यातला तास आणि सिंधुदुर्गातल्या पावसाळ्यातला तास त्याला सारखाच. काढलेला फिल्टर बाहेर नेऊन, न झटकता पिशवीत बांधावा लागतो. काच, प्लास्टिक आणि डिंक एकत्र असल्याने तो बहुधा मिश्र कचऱ्यातच जातो.