धुवायचा फिल्टर की टाकायचा? बेळगावच्या गाड्यांची एक जुनी गोष्ट

आमच्या बेळगावच्या जुन्या घरांत वस्तू टाकून द्यायची पद्धतच नव्हती. धोतराचं पायपुसणं व्हायचं, डालड्याच्या डब्यात तुळस लागायची. गाडीचा एअर फिल्टरही त्यातलाच. आज सर्व्हिसिंगला गेलं की पोरगा सांगतो, "फिल्टर बदलावा लागेल." मग घरातली वडीलधारी मंडळी कुरकुरतात, "आमी धुऊन वापरत होतो की ओ! आता सगळंच टाकायचं?" कुरकुर खोटी नाही. पण धुवायचा फिल्टर गेला कसा, आणि तो गेला ते वाईटच झालं का, हे जरा मागे जाऊन बघण्यासारखं आहे.

स्कूटरच्या काळापासून सुरुवात करू. बजाजसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे ते दिवस. त्या स्कूटरच्या कार्ब्युरेटरजवळ फिल्टर म्हणून तारेची जाळी असायची. ती काढायची, पेट्रोलमध्ये खळबळायची, झटकायची आणि परत बसवायची. जाळी काही झिजत नसे, त्यामुळे बदलायचा प्रश्नच नव्हता. पण ती जाडीभरडी धूळ तेवढी अडवायची, बारीक धूळ आत जायचीच. इंजिन उघडून कार्बन काढणं, रिंगा बदलणं हे तेव्हा कुणाला जगावेगळं वाटत नव्हतं.

१९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि चार स्ट्रोकची गाडी मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली. आमच्या वडिलांनी १९८८ मध्ये घेतली. रोज टिळकवाडीतून उद्यमबागेत फौंड्रीवर जायचं. तिथे साच्याची वाळू हवेत, रस्त्याला खानापूर बाजूची तांबडी माती. या गाडीत फिल्टर होता स्पंजचा. त्याचं धुणं म्हणजे एक रीतच होती. रेशनचं घासलेट एका डब्यात घ्यायचं, स्पंज त्यात बुडवून दाबायचा. पिळायचा नाही, पिळला की फाटतो. सावलीत वाळवायचा. मग गिअर ऑइलमध्ये भिजवून, जास्तीचं तेल तळव्यांनी दाबून काढायचं आणि मगच बसवायचा.

आमचे मिस्त्रीमामा यातल्या शेवटच्या पायरीला फार जपायचे. म्हणायचे, "दादा, धूळ स्पंज धरत नाही, तेल धरतं. कोरडा स्पंज म्हणजे खिडकीला पडदा लावल्यासारखं. वारं येतंय, धूळ पण येतीय." शाळा सातवीपर्यंतची, पण बोलणं शंभर टक्के शास्त्राला धरून. स्पंजची भोकं मोठी असतात. धुळीचा कण आत वळणं घेताना तेलकट भिंतीला चिकटतो, म्हणून तो अडतो.

हे कशासाठी, तर थोडं गणित करा. १०० सीसीचं चार स्ट्रोक इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेतं तेव्हा २५०० वेळा हवा ओढतं. पूर्ण थ्रॉटलला म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त २५० लिटर. आणि रस्त्यावरच्या धुळीत वाळूचा अंश असतो, जो सिलिंडरला पॉलिश पेपरासारखा घासतो.

मिस्त्रीमामांनी २००३ मध्ये गॅरेज बंद केलं. डोळ्यांना दिसेना झालं होतं, आणि मुलगा पुण्याला नोकरीला लागला होता. मग आमची गाडी दुसरीकडे जायला लागली. तिथली पोरं स्पंज साबणपावडरनं धुवायची, अगदी नव्यासारखा दिसायचा, आणि कोरडाच बसवायची. वर्षभरात गाडी निळा धूर सोडायला लागली, ऑइल पिऊ लागली. शेवटी बोअरिंग, नवा पिस्टन, रिंगा असं हाफ इंजिनचं काम निघालं. पंधरा वर्षं तीच धूळ खाऊन धडधाकट राहिलेलं इंजिन एका वर्षात गेलं. वडील काही बोलले नाहीत. पण त्यानंतर गाडी गॅरेजला दिली की फिल्टर बसवेपर्यंत ते तिथेच स्टुलावर बसून राहायचे.

मला वाटतं, आमच्या घरापुरती फिल्टरच्या इतिहासाची कलाटणी तिथे आहे. पुन्हा वापरायचा फिल्टर नुसता फिल्टर नव्हता. त्याच्यामागे एक जाणता हात होता. तो हात गेला आणि स्पंज तेवढा मागे राहिला.

पुढे घडीचा कागदी फिल्टर सगळीकडे झाला. प्रदूषणाचे नियम १९९१ पासून लागू होऊन पुढे कडक होत गेले. २०२० च्या एप्रिलपासून बीएस सहा आलं, फ्युएल इंजेक्शन आलं, हवेचा हिशोब काटेकोर झाला. कागदात दोन प्रकार. कोरडा कागद हलक्या हवेनं आतून बाहेर फुंकता येतो. दुसरा तेल पाजलेला, हाताला चिकट लागतो. तो धुवायचा नाही, फुंकायचाही नाही. ठरलेल्या अंतराला, बहुतेक गाड्यांत १५-१६ हजार किलोमीटरला, बदलायचा. आमच्याकडे धूळ जास्त, तेव्हा त्याच्या आधीच. पण सवय जाते का? अजूनही गॅरेजात त्याच्यावर कॉम्प्रेसरची नळी धरतात. स्वच्छ दिसतो, पण आतलं तेल उडतं, कागद फाटायची भीती वेगळीच.

आता पोरं नवीन विषय काढतात. चोर्ला घाटानं गोव्याला जाणाऱ्या बुलेटवाल्यांच्या तोंडी के अँड एनचं नाव असतं. ही १९६९ साली कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडमध्ये सुरू झालेली कंपनी. सुती कापडाचे थर, दोन्ही बाजूंनी जाळी, वर लाल तेल. धुवा, वाळवा, तेल लावा, परत वापरा. माझ्या पुतण्यानं विचारलं, "काका, एकदाच पैसे घातले की झालं ना?"

मी त्याला कागदावर मांडून दाखवलं. समजा कागदी फिल्टर अडीचशेचा आणि सुती चार हजारांचा. म्हणजे एकाच्या पैशात सोळा. धुळीमुळे दर दहा हजारांना बदलला तरी १ लाख ६० हजार किलोमीटर झाले. तोवर तू ही गाडी ठेवणार आहेस? शिवाय धुवायचं औषध आणि तेल वेगळं. तेल कमी पडलं तर धूळ आत, जास्त झालं तर हवा अडते. हौस म्हणून घे, शिकून घे आणि स्वतःच्या हातानं कर. काटकसर म्हणून घेऊ नकोस.

"पण काका, कागदाचा कचरा होतो," तो म्हणाला. होतो, खरं आहे. कागदाबरोबर प्लॅस्टिकची चौकटही जाते. मात्र आपण डबाभर काळं घासलेट गटारात ओतायचो, ते कुठे जायचं? गटारातून नाल्याला, नाल्यातून शिवाराला. शहापूर-वडगावच्या भाताची आपण कौतुकं सांगतो, तेव्हा तेही आठवायला हवं.

तेव्हा माझं मत असं. रोज कामाला जाणारी गाडी असेल आणि धुणारा हात भरवशाचा नसेल, तर कंपनीनं सांगितलेला कागदी फिल्टर वेळेवर बदला. घरी जुनी स्पंजवाली गाडी असेल, तर तेलाची पायरी चुकवू नका आणि उरलेलं तेल-घासलेट बाटलीत भरून ठेवा.

आमच्या वडिलांची सीडी १०० अजून अंगणात आहे. स्पंज आता पुतण्याच धुतो, गिअर ऑइल लावून. तुमच्या घरी कुठली गाडी होती, आणि तिचा फिल्टर कोण धुवायचं? इंदूर-बडोद्याच्या मंडळींनीही लिहा. तुमच्याकडची धूळ आमच्यापेक्षा वेगळी, पण मिस्त्री असेच असणार.